नागवेकर ताईंचा कोपऱ्यांचा डबा

ताई, तुमच्या श्रद्धांजलीच्यासुद्धा चार प्रती झाल्या.

तुम्ही गेल्याचं कळलं त्याच दुपारी ऑफिसच्या कॉमन फोल्डरमध्ये पहिली फाइल येऊन पडली, 'श्रद्धांजली'. मग 'श्रद्धांजली_फायनल'. मग कोणाला तरी फोटो आवडला नाही म्हणून 'श्रद्धांजली_फायनल_नवीन'. शेवटी मोठ्या साहेबांनी तुमचं पद दुरुस्त करायला सांगितलं, तेव्हा 'श्रद्धांजली_हीच_घ्या'. आणि छापली गेली कुठली? पहिली. मारुती मंदिरच्या फ्लेक्सवाल्याला ज्याने फाइल पाठवली त्याने फोल्डर उघडलं, वरचं दिसलं ते उचललं आणि मोकळा झाला. तीस वर्षं या ऑफिसचा एकेक साकव, एकेक विहीर, एकेक संरक्षक भिंत तुमच्या पेन्सिलीखालून गेली, आणि दारावर फ्लेक्स लागला, 'श्रीमती सुलभा नागवेकर, टायपिस्ट'. खाली तो फ्लेक्स, वर सभेत साहेब सांगताहेत की ताईंचा काटेकोरपणा ही आपली परंपरा आहे. मी उठून गॅलरीत जाऊन उभी राहिले.

लोकांना वाटलं, रडायला गेली. रडू आलंच नाही, ताई. किळस आली. फ्लेक्सची आली, साहेबांच्या भाषणाची आली, टाळ्या वाजवाव्यात की नाही अशा गोंधळात अर्धवट उचललेल्या हातांची आली. आणि सगळ्यात जास्त ज्या माणसाची आली तिच्याबद्दल लिहायला बसलेय. आज बारा दिवस झाले. अजून उशीर केला तर याचंही मी काहीतरी 'तात्पुरतं' करून ठेवीन.

मी गुहागरहून या ऑफिसात आले तेव्हा कॉम्प्युटरवर नकाशे काढायचा कोर्स करून आले होते आणि त्याचा माज होता. तुम्ही त्या तिरक्या टेबलावर वाकून ट्रेसिंग पेपरवर शाईने रेघ ओढत होतात. रेघ पुरी होईपर्यंत मान वर केली नाहीत. मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणालात, "गुहागरची काय गो? मग शिस्त नसेल. तिकडे समुद्र मोठा, माणसं सैल." मी तोंड वाकडं केलं. तुम्हाला ते आवडलं असावं, कारण पुढच्या क्षणाला तुम्ही मला तुमचं लोखंडी कपाट दाखवलंत. ते तुम्ही साहेबांनाही दाखवत नसा.

कपाटाच्या मुठीला परकराच्या नाडीने एक कात्री बांधलेली होती. मी हसले. तुम्ही नाही हसलात. साहेबांनी एखादा नकाशा बदलायला सांगितला, की नवा काढायच्या आधी तुम्ही जुना बाहेर काढायचात आणि त्याचा खालचा उजवा कोपरा तिरका कापून टाकायचात. नकाशाचा नंबर, तारीख, सह्या, सगळं त्याच कोपऱ्यात असतं. तो तिकोनी तुकडा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जायचा. टाकण्याआधी त्याच्या पाठीवर तुम्ही तीन ओळी लिहायचात. का रद्द. कोणाच्या सांगण्यावरून. नवा कोणाकडे दिला. कोपरा कापलेला नकाशा कपाटाच्या खालच्या खणात, कोपरा शाबूत असलेला वरच्या खणात. "डोळे मिटून हात लावलास तरी कळलं पाहिजे," तुम्ही म्हणालात, "जिता कुठला नि मेला कुठला." आणि खरंच माझे डोळे मिटायला लावून तुम्ही माझ्या हातात एकामागून एक नकाशे दिलेत. पंचवीस वर्षांच्या बाईची अशी परीक्षा घेतलीत आणि मी एकही चुकले नाही, याचा मला आजवर अभिमान आहे.

हे आता कोणाला सांगितलं तर लोक म्हणतात, वा, काय सुंदर पद्धत होती. त्यांना सांगावंसं वाटतं, सुंदर वगैरे काही नव्हती, ती त्रासदायक होती. तुम्ही ठेकेदाराच्या घरी जाऊन जुनी प्रत परत मागायचात. साइटवरच्या मुकादमाने खिशात घडी करून ठेवलेली प्रतसुद्धा काढून घ्यायचात आणि त्याच्यासमोर कोपरा उडवायचात. एकदा लांज्याच्या ठेकेदाराने त्या कागदात भजी बांधली होती, तर तुम्ही भजी त्याच्या हातावर ठेवून तेलकट कागदाचा कोपरा कापलात. तो कोपरा डब्यात अजून आहे, ताई. बाकीच्या कोपऱ्यांना त्याने डाग पाडलेत.

मग धाकटे साहेब पुण्याला शिकून परत आले आणि त्यांनी कॉमन फोल्डर आणलं. सगळे नकाशे कॉम्प्युटरवर, सगळ्यांना दिसणार, कुठूनही उघडणार. मी त्यांच्या बाजूने होते. ते तुम्हाला लागलं होतं, आणि आपलं ते भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही.

"फोल्डर कोणाचं?" तुम्ही विचारलंत.

"सगळ्यांचं," मी म्हटलं.

"मग जुना कोण कापणार?"

"ताई, कापायची गरजच नाही. नवीन टाकला की झालं."

"म्हणजे कोणीच नाय कापणार," तुम्ही म्हणालात आणि रेघ ओढायला लागलात.

मी तेव्हा तुम्हाला जुनाट म्हटलं होतं. तोंडावर नाही, पण तुम्हाला ऐकू जाईल अशा बेताने. सहा महिन्यांत त्या फोल्डरची उकिरड्यासारखी अवस्था झाली. 'भिंत_फायनल', 'भिंत_फायनल_२', 'भिंत_साहेबांनी_बघितलेली', 'भिंत_ही_नको', आणि 'ही_नको' मधली भिंत बांधून तयार. ज्याला फाइल सापडत नाही तो स्वतःची एक प्रत करून ठेवतो. ती पुढच्याला सापडते, तो तिची प्रत करतो. प्रत्येकाला स्वतःचीच खरी वाटते आणि नाव विचारलं की सगळे 'फायनल'. लाज वाटावी असा प्रकार, आणि लाज कोणाला नाही. जुनं काढायचं तर त्याची जबाबदारी घ्यावी लागते, नवीन टाकायला काही लागत नाही. तुम्ही हे पहिल्या दिवशी ओळखलंत. पण मी अजूनही म्हणेन, ताई, की दोष फोल्डरचा नव्हता. तुम्हीही पिशवीभर कात्र्या घेऊन त्या फोल्डरात शिरायला हवं होतं. तुम्ही नाक मुरडून लांब राहिलात. हे मला तुमच्याशी एकदा कडाकडा भांडायचं होतं.

आता मंडणगडचं सांगते. तुम्हाला माहीत आहे, पण मला ते एकदा सरळ सांगायचंय.

मंडणगड तालुक्यातली ती वाडी डोंगरातून येणाऱ्या पऱ्याच्या पलीकडे आहे. पावसात पऱ्या भरला की वाडी तुटते, म्हणून गावाने आपल्या ऑफिसकडून पऱ्यावरून जायला साकवाचा नकाशा करून घेतला. धाकट्या साहेबांनी मे महिन्यात जाऊन मोजमाप आणलं. मे महिन्यात त्या पऱ्यात गुडघाभर पाणी नसतं. त्यावरून मी कॉम्प्युटरवर नकाशा काढला आणि तो फोल्डरात 'साकव_फायनल' म्हणून गेला. तुम्ही तो छापून भिंतीला लावून दोन दिवस बघत बसलात. मग म्हणालात, "मने, हे कोणी पावसात बघितलंय का गो?" आणि मला जीपमध्ये घालून थेट मंडणगडला घेऊन गेलात, भर श्रावणात.

म्हादू बाबांचं घर पऱ्याला सगळ्यात जवळ. म्हातारा खळ्यात बसला होता, उठायची तयारी नाही. तुम्ही विचारलंत, पाणी कुठवर येतं. त्याने काठीनेच दाखवलं. "ती जांभ्याची पायरी बघा. तितवर दर साली लागतं. माज्या बापाच्या येळेपासनं लागतं."

"गेल्या वर्षी पण?"

"बाय, पऱ्याला काय साल कळतं?"

तुम्ही पिशवीतून गवंड्याची पातळी बघायची पारदर्शक नळी काढलीत, पाण्याने भरलीत, एक टोक म्हाताऱ्याच्या हातात पायरीपाशी दिलंत आणि दुसरं माझ्या हातात देऊन मला पऱ्याच्या काठाला उभी केलीत. पावसात माझी साडी पोटरीपर्यंत चिखलाने भरली. नळीतलं पाणी जिथे थांबलं तिथे तुम्ही खुंटीवर खूण केलीत. 'साकव_फायनल'मधली स्लॅब त्या खुणेच्या खाली होती. म्हणजे पूर आला की पाणी साकवावरून जाणार. नवी स्लॅब दोन फूट वर. परत येताना तुम्ही जीपमध्ये एकच वाक्य बोललात, "दोन फूट, मने. माणसाच्या मांडीएवढं." आणि झोपी गेलात.

तुम्ही हाताने सुधारलेला नकाशा काढलात आणि त्याची ट्रेस मला दिलीत. कॉम्प्युटरवर काढ, आधी जुना उडव, मग नवा ठेव. गणपतीच्या आधीचा दिवस होता तो. ऑफिस अर्धं रिकामं झालेलं. गुहागरची एसटी दुपारची, आणि घरी मखर माझ्याशिवाय कोणाला लावता येत नाही असा माझा समज. मी नकाशा काढला, नीट काढला, दोन फूट वर काढला. आणि फोल्डरात माझ्या नावाचा एक खण होता, 'मनीषा_तात्पुरतं', त्यात ठेवला. परत आल्यावर जुना उडवून हा त्याच्या जागी टाकू म्हणून. मग गौरी आल्या, विसर्जन झालं, मी परत आले, आणि विसरले. एवढंच. यात कुठलंही मोठं कारण नाही. कोकणातली निम्मी माणसं त्या दिवशी काहीतरी तात्पुरतं ठेवून गावाला पळालेली असतात.

दिवाळीला तुम्ही निवृत्त झालात. तुमचं कपाट भंगारवाल्याने नेलं. कात्री मी ठेवून घेतली. ठेकेदाराने फोल्डर उघडलं, त्यात 'साकव_फायनल' असं स्वच्छ लिहिलेलं होतं, त्याने ते घेतलं आणि उन्हाळ्यात साकव बांधून टाकला. उद्घाटनाला नारळ फुटले, पेढे आले, ते पेढे मीसुद्धा खाल्ले. जुलैत पाणी साकवावरून गेलं. वाडी पहिल्यासारखीच तुटली, फक्त आता तुटताना वाहून जाणारं रेलिंग दिसत होतं. म्हादू बाबांच्या सुनेला तापात खांद्यावर घेऊन डोंगराच्या वरच्या अंगाने न्यावी लागली. वाचली ती. गावाने ऑफिसला पत्र धाडलं, सुधारित नकाशा केला होता ना, मग हे काय?

त्या सकाळी मी माझा तात्पुरता खण उघडला. फाइल तिथेच होती. तारीख गणपतीच्या आदल्या दिवसाची. ताई, त्या फोल्डरात शेकड्यांनी मेलेल्या फायली पडल्या आहेत, वर्षानुवर्षं कोणी एक उडवली नाही. मी आजवर त्यातली एकच फाइल उडवली, आणि ती एकटीच बरोबर होती.

हे वाक्य लिहिलं आणि उठून तोंड धुऊन आले.

मोठ्या साहेबांना चौकशीचा अहवाल हवा होता, लवकर आणि लहान. त्यांनी सांगितला, मी टाइप केला. 'सुधारित नकाशा तत्कालीन अनुरेखक श्रीमती नागवेकर यांनी वेळेत संगणकावर जमा करविला नाही.' निवृत्त माणसाच्या डोक्यावर खापर फोडणं किती सोयीचं असतं. तो ऑफिसला येत नाही, कॅन्टीनमध्ये समोर बसत नाही. शेवटी एक शिफारसही होती. साकवाच्या दोन्ही टोकांना फलक लावावा, 'पाणी असताना साकव ओलांडू नये'. पावसात ओलांडता यावं म्हणून बांधलेल्या साकवावर! मी त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढल्या आणि मुकाट्याने छापायला दिला. नंतर तोच गावाला उत्तर म्हणून गेला आणि फलकही लागला.

मी का गप्प बसले याची कारणं सांगत नाही. माझी नोकरी करारावरची आहे, घरात बोलणारी पुष्कळ आणि करणारी मी, हे सगळं खरं आहे. पण ती कारणं मी स्वतःला इतक्यांदा सांगितलीत की त्यांनाही आता वास यायला लागलाय.

साहेबांनी तुम्हाला बोलावून घेतलं. वाचून दाखवायला, त्यांच्या भाषेत 'विश्वासात घ्यायला'. तुम्ही भाट्याहून रिक्षाने आलात. निळी साडी, मांडीवर कापडी पिशवी. अहवाल वाचलात, सावकाश, बोट ठेवून. साहेब म्हणाले, "ताई, हे फक्त कागदोपत्री. तुमच्याबद्दल कोणाच्या मनात काही नाही." तुम्ही त्यांच्याकडे बघितलंच नाहीत. माझ्याकडे बघून म्हणालात, "मने, ट्रेस मी तुला दिली होती ना गो?"

आणि मी स्क्रीनकडे बघत म्हटलं, "मला आठवत नाही, ताई."

तुम्ही "बरं" म्हणालात. चहा आला होता, तो घेतला नाहीत. पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून जिना उतरलात. मी वरून बघत होते. तुम्ही एकदाही वर बघितलं नाहीत.

त्यानंतर तुम्ही मला फोन करत राहिलात, हेच तर सहन होत नाही. बांगडे ताजे आलेत, येऊन घेऊन जा. तुझ्या मुलीला कुळीथ पिठी पाठवलेय. कंबर कशी आहे, खुर्ची बदलून मागितलीस का. साकवाचा विषय नाही, अहवालाचा नाही, 'आठवत नाही'चा नाही. मी दर वेळी ठरवायची, आज सांगून टाकते, आणि दर वेळी बांगड्यांवर बोलून फोन ठेवायची. तुम्ही एकदा जरी शिवी घातली असतीत तर मी तिच्या आडून बाहेर आले असते. तुम्ही मला ती वाटसुद्धा ठेवली नाहीत. दुखणं वाढलं तेव्हा भेटायला आले होते, तेव्हाही तुम्ही सुनेला म्हणालात, "हिला सोलकढी दे, उन्हातून आलेय." मी ती प्यायले. खाली मान घालून, पूर्ण पेला.

परवा, दहाव्याच्या दिवशी, तुमची लेक शुभदा मला बाजूला घेऊन गेली. तिच्या हातात तो बिस्किटांचा डबा होता. "आई म्हणाली होती, हा मनीला द्यायचा. ऑफिसात नाय, मनीलाच." मी डबा घेतला. मग ती म्हणाली, "साहेबांनी बोलावलेलं ना तिला, त्या दिवशी हाच घेऊन गेली होती पिशवीतून. घरी आल्यावर बघितलं तर झाकणपण उघडलं नव्हतं. मी विचारलं, दाखवलास नाय का? तर म्हणाली, 'नाय. राहिला.'"

मी डबा तुमच्याच ओट्यावर उघडला. सगळ्यात वर साकवाचा कोपरा. पाठीवर तुमचं बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर. 'का रद्द: स्लॅब दोन फूट वर घेणे. कोणाच्या सांगण्यावरून: म्हादू बाबांची पायरी. नवा कोणाकडे: मनीषा, गणपतीआधी एक दिवस.' आणि डब्याच्या तळाशी, घडी केलेला, तुमच्या हाताचा मूळ नकाशा. त्याचा कोपरा शाबूत.

म्हणजे त्या दिवशी तुमच्या मांडीवर सगळं होतं. झाकण उघडायचं, कोपरा उलटा करून टेबलावर ठेवायचा, संपलं असतं. तुम्ही आधी मला विचारलंत. मी खोटं बोलले, आणि तुम्ही पिशवी छातीशी धरून निघून गेलात.

ताई, मला तुमचा राग येतोय. तुमच्या चांगुलपणाची मला जरूर नव्हती. तुम्ही ठेकेदाराच्या भज्यांचा कागद सोडला नाहीत, मुकादमाचा खिसा सोडला नाहीत, मग मलाच का सोडलंत? मी काय भज्याच्या कागदापेक्षा नाजूक होते? मला वाचवण्यासाठी तुम्ही त्या वाडीचाही एक पावसाळा घालवलात, हेही सांगून ठेवते. हे तुम्ही चुकीचं केलंत. आणि हे म्हणायचा मला काडीचा अधिकार नाही, हेही मला कळतं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "झालं बोलून? मग कात्री घे."

घेतली.

काल सकाळी ऑफिसला गेले आणि फोल्डरात अहवाल शोधला. अर्थातच तीन होते. 'अहवाल', 'अहवाल_फायनल', 'अहवाल_फायनल_साहेब'. तिन्हींत तुमचंच नाव. तिन्ही छापले आणि तुमच्या कात्रीने तिन्हींचे कोपरे कापले. मग नवीन लिहिला, अर्ध्या पानाचा. नकाशा सुधारला होता, तो मनीषा रहाटे यांच्याकडे दिला होता, त्यांनी तो योग्य जागी ठेवला नाही, नंतर काढून टाकला, चौकशीत खोटं सांगितलं. सोबत कोपऱ्याची दोन्ही बाजूंची झेरॉक्स आणि तुमच्या मूळ नकाशाचीही. खाली सही. साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

त्यांनी वाचला. चष्मा काढला. "मनीषा, हे आता कशाला? ताई गेल्या. त्यांनी स्वतः कधी काही म्हटलं नाही."

"पिशवीत आणलं होतं त्यांनी, साहेब," मी म्हटलं.

त्यांना कळलं नाही. मी समजावलंही नाही. ते चष्मा परत चढवून म्हणाले, तुझ्या कराराचं मला बघावं लागेल. बघा म्हटलं. धाकटे साहेब दारात उभे होते. त्यांनी फार मदतीच्या सुरात विचारलं, "मॅडम, मग हा कुठल्या नावाने सेव्ह करू? अहवाल_फायनल_नवीन?" त्या क्षणी माझ्या डोक्यात जी शिवी आली ती गुहागरची होती, समुद्राइतकी मोठी. तुमची आठवण ठेवून गिळली. बाकीच्या तिन्ही फायली माझ्यासमोर 'रद्द' नावाच्या खणात टाकायला लावल्या. नव्याचं नाव 'अहवाल'. पुढे काही नाही.

एक प्रत वाडीला पाठवली. संध्याकाळी म्हादू बाबांचा फोन आला, कोणाच्या तरी मोबाइलवरून. मी सगळं सांगितलं, चूक माझी, ताईंची नव्हे. म्हातारा ऐकत राहिला. मग म्हणाला, "ती नळीवाली बाय गेली व्हय?" "आमी तिला बोललाव गो मागनं. लय बोललाव. पायरीवं बसून बोललाव." आणि मग, "आता काय करतंस ता कर, पन त्यो बोर्ड काड आदी."

शनिवारी जाणार आहे. बोर्ड काढता येईल की नाही माहीत नाही, पण तुमचा नकाशा गावाच्या हातात ठेवून येते. म्हाताऱ्याच्या पायरीवर बसून तो सगळ्यांना वाचून दाखवणार आहे, तुमचं नाव आणि माझं नाव, दोन्ही.

कापलेले तीन कोपरे डब्यात टाकलेत. डबा भरलाय, झाकण जोर लावून बसवावं लागतं. तिन्हींच्याही पाठीवर तुमच्या पद्धतीने तीन ओळी लिहिल्यात. अक्षर माझं तुमच्यासारखं नाही, पण वाचता येतं.

का रद्द: 'नागवेकर' ऐवजी 'रहाटे' असे वाचावे.

कोणाच्या सांगण्यावरून: ताईंच्या, न बोलता.

नवा कोणाकडे: सगळ्यांकडे, आणि एकच आहे.